दिवा लागला होता

कारखान्यात तिला सगळे ठिणगीताई म्हणत. नव्या यंत्रावर पिस्तुलासारख्या अवजारानं विजेच्या ठिणग्या मारायच्या आणि ते जगतं का बघायचं, हे तिचं काम. लोकरीची शाल ओढताना अंगावर चटचट उडते, तीच ही ठिणगी. फक्त मोजून मारलेली.

त्या वर्षी म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात घालायचं बटण निघालं. दाबलं की लाल दिवा लागायचा, घरात ठेवलेल्या डब्याला सिग्नल मिळायचा आणि तिथून लेकीसुनांच्या फोनवर निरोप जायचा. बटण सुपारीएवढं, त्यातली अँटेना नखाएवढी. अँटेनाच्या पायाशी ठिणगी जिरवणारा तिळाएवढा डायोड तिनं बसवला. पण तो ठिणगीबरोबर सिग्नलही गिळायला लागला. निरोप पोचायचं अंतर निम्म्यावर आलं.

"ठिणगीताई, तुमचा पहारेकरी चोराबरोबर घरच्यांनाही अडवतोय की!" साहेब हसले. "काढून टाका त्याला."

"कमी गिळणारा मिळतो, साहेब. यायला दोन महिने लागतील."

"तोवर मलाच घरी बसवतील. तसंच मारून बघा."

तिनं डायोड काढून दहा ठिणग्या मारल्या. दर वेळी बटण दाबलं, दर वेळी दिवा लागला. तिनं कागदावर 'पास' लिहिलं. आजवर सगळे तसंच करत आले होते. दिवा लागला म्हणजे यंत्र जिवंत. अँटेनामागची सिग्नल पाठवणारी चिप ठिणगीनंतरही बोलतेय का, हे कुणी तपासलंच नव्हतं.

त्यातलंच एक नवं बटण तिनं आईच्या गळ्यात घातलं. दाबून पाहिलं तर फोन लगेच वाजला.

"म्हणजे आता तू माझ्या गळ्यातच पडलीस म्हण की," आई म्हणाली.

थंडी कोरडी होती. आई दिवसातून दहादा शाल डोक्यावरून ओढायची आणि दर ओढीला बटणापाशी चट्‌ व्हायचं.

एका संध्याकाळी ती घरी आली, तर आई न्हाणीघराच्या फरशीवर. सकाळी अकरापासून. खुबा मोडलेला, अंग गार, मुठीत बटण.

"अगं, शेजारी हाक तरी मारायचीस!"

"मारत होते. मग बटण दाबलं, दिवा लागला. म्हटलं, निघाली असशील तू. उगाच कशाला गाव गोळा करायचं?"

दुसऱ्या दिवशी तिनं ते बटण मोजणीच्या यंत्राला लावलं. दिवा झकास लागत होता. सिग्नल शंभरातला एक भागही नव्हता.

"एकही बटण बाहेर जाणार नाही," ती म्हणाली. साहेबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि माल पाठवायच्या कागदावर काट मारली.

दोन महिन्यांनी हवा तो डायोड आला. आता दर ठिणगीनंतर ती दिव्याकडे बघतच नाही. सिग्नल मोजते, मगच लिहिते.

आई पुन्हा उभी राहिली नाही. गळ्यात नवं बटण आहे, पण पाणी हवं असलं की ती चमच्यानं वाटी वाजवते.

"आई, बटण दाब ना. आता पोचतं."

"दाबते हं," आई म्हणते, आणि वाटी वाजवत राहते.

देवापुढे हात जोडलेले असले, तरी ठिणगीताई ते तसेच सोडून धावते.