शिंदीच्या झाडावरचे डबे

मोहाच्या झाडावर वीज पडली तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाई जवळच्याच बांधीत धानाची रोवणी करत होत्या. त्या वाचल्या, पण डाव्या कानानं ऐकू येणं गेलं. भेटायला येणाऱ्या बाया दारातच कुजबुजायच्या, "काहीतरी पाप केलं असन." जाऊबाईंना ते उजव्या कानानं ऐकू यायचं.

मी तेव्हा सिहोऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. बायांशी वाद घालून उपयोग नव्हता. विजेत नेमकं काय असतं, याचाच छडा लावायचा असं मी ठरवलं.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नागपूरला शिक्षकांच्या शिबिरात एक विज्ञानाचं मासिक हाती लागलं. ढगातल्या प्रचंड विद्युतदाबामुळे इलेक्ट्रॉन सुसाट पळत असतील, त्यांतून क्ष-किरण, गॅमा किरण निघत असतील, कदाचित हवेतल्या अणूंची केंद्रकंसुद्धा फुटत असतील, अशी काही शास्त्रज्ञांची शंका होती. पुरावा अपुरा होता. परतताना बसमध्ये मी तोच विचार करत राहिले. किरण असतील तर ते एक्स-रेच्या फिल्मवर उमटतील.

तुमसरच्या एका डॉक्टरांनी मुदत संपलेल्या फिल्म दिल्या. अंधारात त्यांचे तुकडे कापून मी काळ्या कागदात गुंडाळले, प्रत्येकाच्या अर्ध्या भागावर शिशाची पट्टी ठेवली आणि पत्र्याच्या डब्यांत बंद केले. शिसं किरण अडवतं. फिल्म धुतल्यावर उघडा भाग काळा निघाला आणि पट्टीखालचा कोरा राहिला, तर किरण आले असं समजायचं.

"तुले कायले पाहिजे हा उपद्व्याप?" नवऱ्यानं विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत जाऊबाई म्हणाल्या, "मी बी जातो हिच्यासंगं." वीज पडल्यापासून पावसाळ्यात त्या शक्यतो घराबाहेर पडत नसत. त्या दिवशी मात्र निघाल्या. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, असलेल्या शिंदीच्या झाडांवर आम्ही डबे बांधले. ढग येण्याआधी बांधायचे आणि आभाळ मोकळं झाल्यावरच काढायचे, हा नियम आम्ही कधी मोडला नाही.

पहिल्या पावसाळ्यात फिल्म काळी निघाली. जाऊबाई खूश झाल्या. "आले ना किरण?"

"नाही बाई. पट्टीखालीही काळीच आहे. ओल शिरली."

"मंग पुढच्या साली मेण लावू," त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः प्रत्येक झाकणाच्या कडेला मेण ओतलं. त्या पावसाळ्यात आमच्या डब्याच्या अगदी शेजारच्या शिंदीवर वीज पडली. खोड उभं चिरलं होतं. डबा मात्र शाबूत होता. तुमसरला फिल्म धुतली तेव्हा आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या होतो. ती कोरी निघाली. पट्टीखाली कोरी आणि पट्टीबाहेरही कोरी.

भंडाऱ्याला विज्ञान शिक्षकांचा मेळावा होता. मी तिथं हेच सांगितलं. एक अधिकारी हसून म्हणाले, "मॅडम, काही सापडलंच नाही, तर सांगायला कशाला आल्या?"

"सर, या फिल्मवर, इतक्या जवळून, काही दिसलं नाही एवढं कळलं," मी म्हणाले. "किरण नाहीतच, असं मी म्हणत नाही. ते दाखवायला याहून संवेदनशील साधन लागेल. कोणाकडे असेल तर पाळ आमची, झाडं आमची."

साधन कोणीच दिलं नाही. माझ्यासोबत येऊन मेळाव्यात मागच्या बाकावर बसलेल्या जाऊबाईंनी मात्र परतताना बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "त्या शिंदीनं कोणतं पाप केलं होतं? म्हंजे वीज पापपुण्य पाहून पडत नाही, हे तरी पक्कं ना?"

"ते पक्कं," मी म्हणाले.

खूप वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, बातमी वाचली. विजेतून निघालेले गॅमा किरण हवेतल्या नायट्रोजनच्या केंद्रकातून न्यूट्रॉन उडवतात, हे उपकरणांनी पकडलं होतं. मी ती बातमी जाऊबाईंना वाचून दाखवली. त्यांनी ती आणखी एकदा वाचायला लावली, मग डोक्यावर पदर घेऊन शेजारणीच्या घरी सांगायला गेल्या.