मांडी दोन्ही पायांची

सुमनवहिनींचं नाव आधी घेतो. त्या नसत्या, तर आज भट्टीवरच्या मुशीत वितळणारं हे सोनं बघायला मी इथं नसतो.

सोन्यात टाकणखार टाकला, की आतला मळ हळूहळू वर तरंगतो, काळसर सायीसारखा. शाळा अर्धवट सोडून आटपाडीहून इतक्या लांब केरळात आलो, ते हेच बघत मोठा झालो. अलीकडं मात्र बघता बघता हात थांबतो. वाटतं, शरीरही आतलं काहीबाही असंच वर पाठवत असेल.

माझा डावा पाय सुजला होता. आम्हा गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं गाळणाऱ्यांच्या, प्रत्येक दुखण्याला कारण एकच, भट्टी. "मांडी घालून बसतोय न्हवं, त्यानंच," मी म्हणालो.

शेजारच्या गलाईवाल्याच्या घरच्या या वहिनी हसल्या. "भावजी, मांडी दोन्ही पायांची घालता. मग सूज एकालाच कशी?" मल्याळम त्यांना येतं, त्याच मला दवाखान्यात घेऊन गेल्या.

शिरेत रक्ताची गुठळी निघाली. कारण काही सापडेना. "डॉक्टर म्हणत्यात, अशी गुठळी कधी कधी लपलेल्या कॅन्सरची खूण असती. आत बघूया," वहिनींनी सांगितलं. मूत्रपिंडावर कॅन्सरची छोटी गाठ होती. ती काढली.

अजूनही गाठ परत आली का ते बघायची तपासणी जवळ आली की भीती वाटते. मग मी मुशीकडं बघत बसतो. मळ निवांत वर येत असतो.

भट्टी सोडून जाता येत नाही, म्हणून वहिनींच्या घरच्यांना गावची जत्रा कित्येक वर्षं गाठता आलेली नाही. एका वर्षी त्यांची भट्टी मी सांभाळीन. तोवर मी असणार आहे, वहिनी.