वाचा मागितली तेव्हा

इस्पितळाच्या शिवणखोलीत ती सव्वीस वर्षं चादरी दुरुस्त करत होती. मधोमध विरलेली चादर उभी फाडायची, चांगल्या कडा आत घेऊन जोडायच्या, की आणखी वर्षभर निघते. वॉर्डातल्या नर्स तिला शिवणबाईच म्हणत.

तिचा नवरा केस कापायचा. हात कात्रीवर आणि तोंड मोकळं सुटलेलं. दाढीला बसलेलं गिऱ्हाईक अर्ध्या गावाची खबर घेऊनच उठायचं. घरात रेडिओ का नाही, असं कुणी विचारलं की शिवणबाई म्हणे, "आहे एक. बंद करायचं बटण सापडत नाही."

एका सकाळी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता तो मटकन खाली बसला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, याला कळतं सगळं, शब्द तेवढे येत नाहीत.

तेव्हापासून रोज कामावरून आल्यावर ती त्याचा डावा हात धरून मोठ्यानं प्रार्थना करी. "प्रभू, याचा हात लुळा पडलाय. याला शर्ट घालता येत नाही. लाळ गळते, ती कळत नाही. मला दुसरं काही नको, याला वाचा दे."

चार वर्षं एक दिवस चुकला नाही. पुढे पुढे शब्द नुसते तोंडातून निघत, मनात काहीच हलत नसे. पण थांबायचीही भीती वाटे. आपण आज सोडलं आणि देव नेमका उद्या ऐकणार असला तर?

एका रविवारी दुपारी ती डोळे मिटून बोलत असताना त्यानं हात काढून घेतला.

"पुरे," तो म्हणाला.

तोच दुकानातला आवाज. ती अनवाणीच धावत शेजारी राहणाऱ्या नणंदेला घेऊन आली.

"दादा, काय पुरे?" नणंदेनं विचारलं. तो गप्प. जेवण भरवलं, जेवला. पाणी दिलं, प्यायला. मग नणंदेनं त्याचा हात धरून नुसतं "प्रभू" म्हटलं.

"पुरे." त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

बाहेर आल्यावर नणंद खालच्या आवाजात म्हणाली, "वहिनी, चार वर्षं रोज तू त्याच्या तोंडावर त्याची लाळ मोजत होतीस."

शिवणबाई पायरीवर बसून राहिली.

चर्चच्या पाळकांना मात्र आनंद झाला. "बाई, मागितलं ते मिळालं. मंडळीसमोर साक्ष द्या."

ती उभी राहिली. "चार वर्षं मागत होते. तो बोलला. पुरे म्हणाला." एवढंच सांगून ती खाली बसली. कुणीतरी हालेलूया म्हणायला गेलं आणि अर्ध्यावर थांबलं.

संध्याकाळी ती आता त्याच्याशेजारी नुसती बसे. कधी तोच तिचा हात धरी. तिनं माफी मागितली, दोनदा. त्याला कळली असावी. आठ महिन्यांनी तो गेला, दुसरा शब्द न बोलता.

"अजून प्रार्थना करतेस?" नणंदेनं एकदा विचारलं.

"बसते रोज. मागणं होत नाही काही," ती म्हणाली. "देवानं माझं ऐकलं की मला गप्प केलं, एवढं कळलं असतं तरी चाललं असतं."