पारुबाईने सारवलेला खड्डा

शिरड शहापूरजवळच्या तांड्यातल्या पारुबाईला धुळीची जमीन बघवत नसे. दुसऱ्याच्या घरी पाहुणी गेली तरी घटकाभरात हातात केरसुणी. २००३ साली, जुनं गाव गाडलं गेलेल्या शेजारच्या टेकाडावर उत्खनन निघालं आणि ती मजुरीला लागली. तिथं तिच्या नशिबी नुसती धूळच आली, तीही ब्रशनं हलक्या हातानं झाडायची.

देखरेखीला अनिरुद्ध होता. वसमतचा, पुरातत्त्व शिकलेला, दाढी पक्की पण नोकरी कच्ची.

"बापू, एवढं शिकून खड्ड्यातच काहून येऊन बसलास?"

"संग्रहालयात काम असतं मावशी, विद्यापीठात असतं, सरकारी खात्यात असतं. धरणात गाव बुडायच्या आधी पाहणीला आम्हालाच बोलावतात. पण जागा चार आणि आम्ही चारशे. उद्या मोठे साहेब येताहेत. त्यांना खड्डा पसंत पडला तर काम पुढं चालू, नाहीतर आपण सगळेच घरी."

पारुबाई हादरली. असल्या धुळकट खड्ड्यात साहेब पाय तरी ठेवील का? सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तिनं पाटीभर शेण कालवलं आणि खड्ड्याचा तळ झकास सारवला. कडेनं रांगोळीही ओढली.

अनिरुद्धनं येऊन खड्ड्यात बघितलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घराची जमीन हिरवीगार झाली होती! तेवढ्यात साहेबांची जीप आली.

"हे कुणी केलं?" साहेब कडाडले.

"म्या," पारुबाई म्हणाली. डोळे भरले होते, पण तोंड थांबेना. "इथली पैली बाई बी सारवतच व्हती की! ते बगा." तिनं खड्ड्याच्या भिंतीतल्या बारीक रेघांकडं बोट केलं. अनिरुद्धनं वहीत त्यांना पुराचा गाळ म्हटलं होतं, तिलाही तसंच सांगितलं होतं. "गाळ असा पापडावानी बसत न्हाई साहेब. सारवण हाय ते. दर सणाला एक थर."

साहेब गुडघ्यांवर बसले, भिंग काढलं. एक पापुद्रा अलगद सुटला. त्याखाली चार बोटं फिरल्याच्या खुणा होत्या. साहेबांचा राग कुठल्या कुठं गेला. काम चालू राहील, म्हणाले, वरचं शेण मात्र ह्या बाईंनीच ब्रशनं काढायचं. अनिरुद्धनं जोरात नाक शिंकरलं.

पारुबाईनं त्या खुणांवर आपली बोटं ठेवली. उजवा हात काही बसेना. डावा बराबर बसला. त्या अनोळखी बाईची तिला एकदम फार माया आली.

"डावरी व्हती माझ्यावानी," ती म्हणाली. "हिला बी सासूनं लई बोल लावले आसतील."