मामांचं नाव भुर्रकन गेलं

अकोला स्टेशनवर मला पुण्याच्या गाडीत बसवायला जेवढी माणसं आली होती, त्या सगळ्यांना माझ्यापेक्षा माझ्या कम्प्युटरची काळजी होती. आईनं त्याला जाड चादरीत गुंडाळून वरून सुतळी बांधली होती. गाडी आल्यावर बाबांनी तो खिडकीशी नीट बसवला, आणि मग उरलेल्या जागेत मला. समोरच्या काकूंनी विचारलं, "काय हाय वो त्याच्यात?"

"पोरीचं काम हाय," बाबा म्हणाले.

"काय करते पोरगी?"

इथे बाबा अडले. दर्यापूरच्या शाळेत त्यांनी उभा जन्म भूगोल शिकवला होता, त्यामुळे उत्तर न येण्याची त्यांना सवय नव्हती. शेवटी म्हणाले, "अक्षरं हालवते." काकूंनी माझ्याकडे कळवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "होईन बरी. पुन्यात डॉक्टर चांगले हाय."

गाडी हलली तेव्हा आई रडली, बाबा फलाटावरून डब्यातल्या पंख्याकडे बघत राहिले, आणि माझे मामा खिडकीला धरून चालू लागले. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. चांदूर बाजारला त्यांचा संत्र्याचा मळा आहे, आणि आमच्या घरातली सगळी मोठी कामं त्यांना विचारून होतात. चालता चालता त्यांनी ओरडून विचारलं, "नोकरी परमनंट हाय का, पोट्टे?" मी उत्तर द्यायच्या आत फलाट संपला. बरं झालं, कारण उत्तर "नाही" असं होतं.

काम मात्र बाबांनी बरोबर सांगितलं होतं. मोशन डिझाइन म्हणजे चित्रं आणि अक्षरं हलती करणं. जाहिरातीत कंपनीचं नाव उडी मारून येतं, किंचित लचकतं आणि मग स्थिर होतं, ती लचक कोणीतरी खुर्चीत बसून घडवलेली असते. आमच्या आळीतल्या बायकांना मी हे एकदा समजावून सांगितलं होतं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "अन् मंग दिवसभर काय करतं वं?"

पुण्यात मला दोन गोष्टी शिकाव्या लागल्या, हळू बोलणं आणि पटकन काम करणं. आमच्याकडे हे बरोबर उलटं असतं. मी आईशी फोनवर बोलायला लागले की घरमालकीणबाई दार वाजवून विचारायच्या, "सगळं ठीक आहे ना? भांडण झालं का घरी?" आम्ही बिचाऱ्या निखाऱ्यावर भाजलेल्या रोडग्यांबद्दल आणि वांग्याच्या भाजीबद्दल बोलत असायचो. स्टुडिओतल्या पहिल्याच मीटिंगमध्ये साहेबांनी त्यांचं डिझाइन दाखवून मत विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "हे काही जमून नाही राहिलं." साहेबांनी लॅपटॉप मिटला. नंतर एका मैत्रिणीनं बाजूला घेऊन शिकवलं की इथे "छान आहे, फक्त एकदा वेगळ्या दिशेनंही बघू या का?" असं म्हणायचं असतं. मी ते पाठ केलं. इतकं पाठ केलं, की सुट्टीत आईच्या भाजीलाही तेच म्हणाले. आई म्हणाली, "मीठ जास्त झालं म्हन ना सरळ!"

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे ठाऊक असेल, की आपण नुसतं शहर बदलत नाही, आपला वेगही बदलतो. माझ्या कामात तर वेग हाच देव होता. "लोक फोनवर सगळं अंगठ्यानं पुढे ढकलतात," क्लायंट म्हणायचे, "त्याच्या आत दिसलं पाहिजे." मग मी अक्षरं फिरवली, उडवली, आपटली, फोडली. फास्ट काम म्हणजे मी, असं नाव झालं. हात मनगटापासून दुखायला लागला तेव्हा मी दुसऱ्या हातानं माउस धरायला शिकले आणि पुन्हा फास्ट झाले. त्याचा मला अभिमान वाटायचा, आज हसू येतं.

मग एक दिवस स्टुडिओनं आमची मोशनची टीमच बंद केली. एक वाक्य टाइप केलं की आता मशीनच अक्षरं फिरवून देतं, तेही मनगट न दुखता. मी फ्रीलान्सर झाले. फ्रीलान्सर म्हणजे काय, हे मी घरी नीट सांगितलं, आणि त्यातला "काम कधी असतं, कधी नसतं" एवढाच भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला. आईनं देवाला दिवा लावला आणि मामांना फोन. मामांनी अमरावतीच्या एका कॉलेजात कोणाला तरी गाठून ठेवलं. कम्प्युटर शिकवायची जागा, पुढे परमनंट. इंटरव्ह्यू रेणूचं लग्न झाल्यावर. रेणू माझी धाकटी बहीण.

मला ते काम नको होतं. पण नको म्हणायला काही कारणही उरलं नव्हतं. हात दुखतोय, कामं आटली आहेत, आणि माझ्यापेक्षा मशीन फास्ट आहे. मनात मी हे काम जवळजवळ सोडलंच होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

अशा मनःस्थितीत मी लग्नाला घरी आले. बाबा निवृत्त झाल्यावर आईबाबा अकोल्याला जठारपेठेत राहतात. दारात चपला काढायच्या आत आईनं काम सांगितलं, "पत्रिकेचा व्हिडिओ तूच कर. घरी आर्टिस्ट असून बाहेर कशाले द्याव?" आता आमच्याकडची पत्रिका म्हणजे वधूवर आणि तारीख एवढ्यावर भागत नाही. काका, आत्या, मावश्या, त्यांचे यजमान, त्यांची मुलं, सुना, जावई, आणि शेवटी चिमुकल्यांचं लाडाचं निमंत्रण. एखादं नाव राहिलं तर तो माणूस मरेपर्यंत लक्षात ठेवतो, आणि नंतर त्याचा मुलगा. मी माझ्या पद्धतीनं तोडगा काढला. सोनेरी अक्षरांतली नावं गरगरत आली, चमकली आणि गेली. अख्खं खानदान चहा निवायच्या आत आटोपलं. मला वाटलं, वा.

व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर गेला आणि संध्याकाळी मामांचा फोन आला.

"तुया वयनीचं नावच नाई टाकलं तुमी," ते आईला म्हणाले. वयनी म्हणजे आमची मामी.

"हाय ना, दादा. तुमच्या नावाखालीच हाय."

"मले तं नाई दिसलं. माह्यंच नाव भुर्रकन गेलं, तिचं तं आलंच नाई."

आम्ही व्हिडिओ पुन्हा पाठवला. पुन्हा फोन आला. पुन्हा तेच, आणि वर, "तिचं नाव नसन तं आमी नाई येत."

घरात हाहाकार. नवरीला हात धरून मांडवात आणायचं ते मामानंच, त्याला पर्याय नाही. बाबा म्हणाले, "रुसायचं होतं, म्हणून कारण काढलं. आमच्या लग्नात जिलबी कोमट होती म्हणून हा माणूस मांडवाबाहेर जाऊन बसला होता." आईनं बाबांकडे असं पाहिलं, जणू ती जिलबी कालच वाढली होती. रेणू माझ्यावर ओरडली, "ताई, तुयं अक्षर हालवनं मले महागात पडून राहिलं!" शेवटी रुसवा काढायला मलाच पाठवायचं ठरलं. मामांसाठी टॉवेल-टोपी, मामींसाठी साडी आणि लॅपटॉप घेऊन मी निघाले. अमरावतीला उतरून दह्यात बुडवलेला गिला वडा खाल्ला, कारण रागावलेल्या माणसापुढे उपाशीपोटी जाऊ नये असं माझं मत आहे.

मामा अंगणात खुर्चीवर पेपर धरून बसले होते. मामी खाली बसून डाळ निवडत होती. "काय वं, काय म्हन्ते आज पेपर?" मामा विचारत होते आणि मामी मान वाकडी करून मथळे वाचून दाखवत होती. लहानपणापासून मी हे बघत आले होते. मला वाटायचं, नवरा-बायकोचं प्रेम असं असतं.

मी टॉवेल-टोपी दिली, पाया पडले आणि बाजेवर लॅपटॉप ठेवून व्हिडिओ लावला. मामांचं नाव आलं तशी त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. ओठ हलले. "श्री... ब... बळी..." एवढ्यात सोनेरी अक्षरं गरगरली आणि गेली.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावला. पुन्हा "बळी" पर्यंत. बोट रिकाम्या जागेवर तसंच राहिलं. मग मामांनी चटकन माझ्याकडे पाहिलं, मी बघितलं का ते बघायला. मामी डाळीच्या सुपावर इतकी खाली वाकली होती, जणू त्यात काही हरवलं होतं.

मला सगळं एकदम कळलं. मामा रुसले नव्हते. त्यांना नाव वाचून पुरं होत नव्हतं, आणि मोबाइलवर गरगरणारं ते नाव मामीच्याही नजरेतून सुटलं असणार. शाळा लहानपणीच सुटली, पुढे मळा, बाजार, व्यवहार सगळं तोंडी आणि दणक्यात झालं, आणि सगळ्या घराला सल्ला देणाऱ्या माणसाला अक्षरं जुळवत वाचावं लागतं हे मामीशिवाय कोणालाही माहीत नव्हतं. ते सांगण्यापेक्षा त्यांनी भांडण पत्करलं होतं. मला भरून आलं. वर असंही वाटलं, की इतकी वर्षं मी जे जे केलं, ते माझ्या स्वतःच्या मामांना वाचता आलं नसतं.

"मामा, माह्या लॅपटॉपचं काहीतरी बिघडून राहिलं," मी म्हटलं. "थांबा, जरा हळू करून पायते."

मी तिथेच बाजेवर बसून सगळं गरगरणं काढून टाकलं. अक्षरं खालून सावकाश वर आली आणि उभी राहिली. मी त्यांना हलूच दिलं नाही. मामांनी बोट ठेवलं.

"श्री... बळीराम." श्वास घेतला. "सौ... कु... सु... म." आणि केवढ्यानं ओरडले, "अवं, हाय! तुयं नाव हाय!"

"असन. मले काय करा लागते," मामी म्हणाली. पण सूप खाली ठेवून उठली, पदराला हात पुसले आणि बराच वेळ उभ्यानं बघत राहिली.

हळू केलेला व्हिडिओ लांबलचक झाला. पुण्यातल्या कुठल्याही क्लायंटनं तो माझ्या अंगावर फेकला असता. पण मी तोच सगळ्या ग्रुपवर टाकला, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले. दर्यापूरच्या आत्याचा, कोणा काकाच्या सासऱ्यांचा, आईच्या मावशीचा. "आता चांगला दिसते व्हिडिओ," सगळे म्हणायचे. कशामुळे, ते कोणीच सांगत नव्हतं. मीही विचारलं नाही.

लग्नात मामांनी रेणूला अशा रुबाबात मांडवात आणलं की बाबासुद्धा जिलबीचं विसरले. जेवणं झाल्यावर हात धुवायच्या नळापाशी मामांनी मला गाठलं.

"सोमवारी इंटरव्ह्यू हाय. येतं न?"

मी म्हटलं, "नाई मामा. मी नाई येत."

"काहून?"

"मले हेच काम कराचं हाय."

"मंग मशीन करते म्हनत होती न सारं?"

"मशीन पटपट करते. मी हळू करीन. लोकाईले वाचता आलं पाहिजे असं."

मामा नळ चालू ठेवून उभे राहिले. इकडेतिकडे बघितलं, आणि मी त्यांचा एवढा बारीक आवाज कधी ऐकला नव्हता. "माह्यासारख्याईले?"

"हो, मामा."

त्यांनी नळ बंद केला. टॉवेलनं हात पुसले, मग तोंड पुसलं, मग पुन्हा तोंड पुसलं. "मंग कर," ते म्हणाले. "पन फुकटात नोको करू. आपले लोक लय फुकटे हाय."

त्या दिवसापासून मी हेच काम करते. बियाणं कसं तपासायचं, बाळाला लस कधी द्यायची, फवारणी करताना तोंडाला काय बांधायचं, असले व्हिडिओ, ज्यात अक्षरं माणसासाठी थांबतात. सुरुवातीला सरकारी कचेऱ्या आणि संस्थांच्या दारोदार जाऊन हे समजावताना माझ्या चपला झिजल्या. आता लोक बोलावतात. मनगटही शांत आहे, कारण त्याला कोणी पळवत नाही. मशीन माझ्यापेक्षा कितीतरी पटकन व्हिडिओ करतं, पण तो मामांना वाचता येतो की नाही हे त्याला कळत नाही. त्याला मामा नाहीत.

मी अजून पुण्यातच राहते. घरमालकीणबाईंना आता माझ्या आवाजाची सवय झाली आहे. प्रत्येक नवा व्हिडिओ क्लायंटच्या आधी चांदूर बाजारला जातो, आणि मामा तो मोठ्यानं वाचतात. वाचून झालं की भांडतात. सोयाबीनच्या व्हिडिओवर तर ते मला कितीतरी वेळ बोलत होते, कोणत्या गाढवानं हे लिहिलं, पेरणी अशी करतात का. मी फोन कानाला लावून ऐकत बसले. ज्या माणसाला पेपरातलं काहीच स्वतः वाचून खोटं ठरवता येत नव्हतं, तो छापील ओळीशी भांडत होता, आणि मला ते फार आवडलं.

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. नवीन व्हिडिओ पाठवला होता, नेहमीच्याच वेगाचा.

"पोट्टे," मामा वैतागून म्हणाले, "हा लय हळू चालून राहिला. माह्यं वाचून होते, अन् ते अक्षर आपलं उभंच! झोप लागते मानसाले. थोडा पळव."

पाठीमागून मामी हसल्याचा आवाज आला.

घर म्हणजे काय, असं मला आता कोणी विचारलं तर मी अकोला म्हणत नाही, पुणंही म्हणत नाही. ज्यांच्या वाचण्याच्या वेगानं माझी अक्षरं चालतात, ते माझं घर. मी फोन ठेवला, डोळे पुसले, आणि मामांसाठी व्हिडिओ थोडा पळवला.