आडूळमार्गे बहिणीची माडी

चिन्मय आणि इरा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "ते बसवाले आजोबा हल्ली दिसत नाहीत गं?" आणि मी विषय बदलला. अर्धवट उत्तर देणं मला आवडत नाही, म्हणून आता नीट, क्रमाने लिहिते.

आपल्या तळमजल्यावरच्या कंडक्टरकाकांइतक्या ऐटीत थांबणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. लोक चालण्याची ऐट करतात, काका थांबण्याची करत. सगळी नोकरी रस्त्याच्या धुळीत आणि विडीच्या धुरात गेली, आणि निवृत्त झाल्यावर फुप्फुसांनी संप पुकारला. हे कुणाला कळू नये म्हणून काका दर दहा पावलांवर कुणाला तरी गाठून चौकशी करत. भाजीवालीला मेथी कुठली, इस्त्रीवाल्याला जावई काय करतो. कॉलनीत त्यांच्याइतका चोंबडा माणूस नाही, असं आमचं सगळ्यांचं मत होतं. एकदा मला फाटकाशी अडवून म्हणाले, "बाई, तुमच्या चपला... कुठून आणल्या?" मी दुकान सांगू लागले, तर त्यांचं लक्षच नव्हतं. फाटक घट्ट धरलेलं आणि खांदे वरखाली होत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पुढे त्यांनी चालणंच सोडलं. "चाललं की दम लागतो. मग चालायचंच नाय!" हा त्यांचा उपाय. त्याने झालं एवढंच, की महिनाभरात अंघोळीला जातानाही दम लागू लागला. शेवटी दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने त्यांना झापलं. "आजोबा, दम लागणारच. त्याला भिऊन बसलात तर पायही जातील." नाकाने श्वास घ्यायचा आणि बशीतला चहा निववतो तसा ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा, हे तिने शिकवलं. पायरीवर उभं राहून श्वास घ्यायचा, फुंकर मारत पाय उचलायचा. दमाला दहापैकी आकडा द्यायचा, दम पाचवर गेला की थांबायचं, उतरला की पुन्हा निघायचं.

थांबायची अधिकृत परवानगी मिळताच काकांमधला कंडक्टर जागा झाला. आपला जिना म्हणजे त्यांची पाचोडला जाणारी एसटी, वळणं म्हणजे वाटेवरची गावं. पहिलं वळण चित्तेपिंपळगाव, दुसरं आडूळ. अंगठीने कठड्यावर एक टकटक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आडूळला कठड्यावर कोपरं टेकून, पुढे वाकून उभे राहत आणि वरून उतरणाऱ्यांना सांगत, "घाई असंल तर दुसऱ्या गाडीनं जा." मी तक्ता ठेवला होता, पायऱ्या, थांबे आणि दम. काका आकडे सांगत, पण चारच्या वर कधी सांगत नसत. मी चेहरा बघून सहा लिहीत असे.

हा सगळा सराव कशासाठी, तर पाचोडच्या थोरल्या बहिणीसाठी. ताई माडीवर राहतात. खुबा मोडल्यापासून खाली उतरलेल्या नाहीत. आणि त्या सोळा पायऱ्यांमुळे काकांच्या दोन भाऊबिजा हुकल्या होत्या. भाचा म्हणाला होता, खुर्चीत बसवून उचलून नेतो. "मी काय ज्वारीचं पोतं हाय व्हय?" म्हणून काकांनी फोन ठेवला.

तिसऱ्या भाऊबिजेला मी त्यांच्याबरोबर गेले. श्वासाचा पंप ओढून, थोडं बसून ते जिन्याला लागले. पाचव्या पायरीवर टकटक. वरून ताईंचा आवाज आला, "आरं येतूस का न्हाई? निरांजनातलं तूप संपलं की!"

"आडूळला... हाय," काका कसेबसे म्हणाले.

"दोन वर्सं झाली, आडूळलाच हायेस!"

भाचा पुढे सरसावला. काकांनी हातानेच त्याला मागे सारलं. दहाव्या पायरीवर पुन्हा थांबले. तेव्हा मात्र मी घाबरले. ओठ काळवंडले होते, आणि मी तक्त्यावर काहीच लिहिलं नाही. बऱ्याच वेळाने अंगठी दोनदा वाजली. मग सहा पायऱ्या, सहा फुंकरी, आणि काका पाटावर बसले.

ताईंनी खुर्चीत बसूनच तबक घेतलं. निरांजन तोंडासमोर आलं, आणि काका तर अजून चहा निववतच होते. एक लांब फुंकर, आणि वात विझली.

ओवाळताना दिवा विझणं आपल्याकडे चांगलं मानत नाहीत. भाचेसून पदर तोंडाला लावून उभी राहिली. काकांचा चेहरा इतका उतरला, की जिनाही परवडला असता. ताईंनी धुराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लई वारा हाय रं अजून तुझ्यात! मी उगीच झुरत व्हते." सुनेला म्हणाल्या, "काडी दे गं." दुसऱ्यांदा ओवाळून होईपर्यंत काकांनी तोंडावर रुमाल धरला होता. त्यामागे ते हसत होते की रडत होते, मी विचारलं नाही.

त्यानंतर आणखी एक भाऊबीज त्यांनी गाठली. या उन्हाळ्यात छातीत कफ भरला आणि चार दिवसांत ते गेले. रविवारी मला हे बोलता आलं नाही.

गेल्या आठवड्यात पाचोडला जाऊन आले. जिन्यात पाऊल वाजलं की ताई बोलता बोलता थांबत, कान देत, आणि पावलं न थांबता वर आली की पुन्हा बोलू लागत. तेवढं सोडलं तर त्या बऱ्या आहेत. माडीवरच असतात.