अण्णांच्या बैलाची न्याहारी

ती घटना आठवली की मला आजही आधी भूक लागते आणि मग हसू येतं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी नवा फौजदार, चाकणच्या ठाण्यात. तेव्हा तिथे कारखान्याचं धुराडं औषधालाही नव्हतं. कांद्याचा बाजार, बैलगाड्या आणि धूळ. धूळ इतकी, की संध्याकाळी टोपी झटकली तर एक वाफा तयार व्हायचा.

ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती आणि तिच्या आधी गावची यात्रा होती. यात्रेत घाटात, म्हणजे शर्यतीसाठी राखलेल्या चढाच्या धावेवर, बैलगाड्यांची शर्यत. त्या भागात ज्याचा बैल पहिला त्याचा शब्द वर्षभर चालतो, भाषणं कुणी ऐकत नाही. एका उमेदवाराचा बैल तर अख्ख्या तालुक्यात गाजलेला. उमेदवाराचं नाव सांगत नाही, अण्णा म्हणू. बैल एवढा थोराड, की त्याच्या सावलीत आमचं ठाणं कोठडीसकट मावलं असतं.

एका सकाळी अण्णा अर्धं गाव घेऊन ठाण्यात आले. गळ्यात तुळशीची माळ, डोळ्यांत पाणी.

"साहेब, माझा बैल चोरला. समोरच्या पार्टीनं चोरवला, अन् त्या नालबंदाच्या हातून."

नालबंद म्हणजे बैलांना नाल ठोकणारे चाचा. बाजाराच्या कडेला त्यांचं छप्पर होतं. आदल्याच दिवशी त्यांनी त्या बैलाचे खूर पाहिले होते, एवढाच पुरावा. फिर्याद घेतली, गोठ्याचा पंचनामा केला, चाचांना जबानीसाठी बोलावलं.

"चाचा, बैल कुठाय?"

"साहेब, मी नाल ठोकतो, बैल न्हाई चोरत. त्याचा मागचा पाय दुखावलाय. मी अण्णांना म्हटलं, यंदा पळवू नका. तवापासून माझ्यावर खार खाऊन हायत."

हवालदार माझ्या कानाशी लागले. "सगळे चोर असंच काहीतरी सांगतात, साहेब."

गावानं ठरवूनच टाकलं होतं. यात्रेआधी बैल सापडला नाही तर चाचांचं छप्पर बाजारातून उठवायचं. एकही बैल त्यांच्याकडे येईना. चाचा रोज हजेरीला यायचे आणि ठाण्याच्या ओसरीवर बसून राहायचे. कोळशाची भट्टी विझलेला माणूस कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं.

तपास म्हणाल तर मी सायकलवरून एवढा हिंडलो की सायकलनं राजीनामा द्यायचा तेवढा राहिला. हाती काही नाही. आणि त्यात माझी उपासमार. सकाळी ऑम्लेट पोटात गेल्याशिवाय माझं डोकं चालत नाही, आणि गावात अंडं मिळेना.

"हवालदार, चाकणच्या कोंबड्या संपावर गेल्यात काय?"

"न्हाई साहेब. अण्णांचा गडी पहाटेच टोपली भरून नेतो. बैलाचा खुराक. दूध, तूप, उडदाचं पीठ अन् अंडी. शर्यतीचा बैल हाय, त्याला लागतंय."

"अहो, पण बैल तर चोरीला गेलाय."

हवालदारांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली. "व्हय की."

अण्णांचं घर माळकरी. त्या घरात अंडं सोडा, कांदासुद्धा एकादशीला उंबऱ्याबाहेर बसायचा. मी अण्णांना बोलावणं धाडलं. ते नेहमीप्रमाणे मतदारांची पलटण घेऊनच आले. चाचा ओसरीवर होतेच.

"अण्णा, रोज टोपलीभर अंडी नेता म्हणे. खातं कोण?"

अण्णांनी मागच्या पलटणीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मीच. छातीत अशक्तपणा हाय, साहेब. डाक्टरांनी सांगितलंय."

"अरेरे. मग आज तुमच्या अंड्यांवर मी डल्ला मारला, त्याची भरपाई करायला हवी." खरंच, त्या दिवशी पहाटे हवालदारांनी गड्याच्या आधी जाऊन चार अंडी मिळवली होती. ओसरीवर स्टोव्ह पेटला. कांदा-मिरचीचा असा वास सुटला की एस.टी.चा ड्रायव्हर गाडी थांबवून बघायला आला. ताटली अण्णांच्या पुढ्यात ठेवली.

"खा अण्णा. अशक्तपणा बरा नव्हे."

अण्णांनी ताटलीकडे पाहिलं. मग माळेकडे. मग मतदारांकडे. मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या की अण्णा, गार व्हतंय."

"साहेब, जरा आत बोलू का?"

"इथंच बोला. ऐकायला सगळे आलेत."

अण्णांनी ताटली बोटानं दूर सारली. "बैल म्हाळुंग्याला हाय. माझ्या सासुरवाडीच्या गोठ्यात. लंगडतोय. घाटात हरला असता तर मतं गेली असती, म्हणून चोरीची आवई उठवली."

बैल आणायला गेलो, तर तो कडब्याच्या गंजीमागं आरामात रवंथ करत होता. आठवडाभराच्या खुराकानं आणखी फुगलेला. खोट्या फिर्यादीबद्दल मी अण्णांवर रीतसर खटला भरला आणि त्यांना दंडही झाला. निवडणूकही हातची गेली. पण माझ्या दृष्टीनं खरी शिक्षा भर बाजारात झाली. दुखरा पाय बघायला चाचांशिवाय दुसरा माणूस नव्हता. बैल दोरानं आडवा पाडला की कुणीतरी त्याची शिंगं दाबून मानेवर बसावं लागतं. अण्णा स्वतः धुळीत बसले. सगळं गाव बघत होतं.

चाचा खूर हातात घेऊन म्हणाले, "घट्ट धरा अण्णा. लाथ बसली, तर पुन्हा केस माझ्यावरच."

अख्खा बाजार हसला. आधी चाचा आणि मग, मान खाली घालून का होईना, अण्णासुद्धा. दुपारपर्यंत चाचांच्या छपरापुढे बैलांची रांग लागली.

पुढे मी कितीतरी गुन्हे उकलले. बहुतेक ठिकाणी नवे अधिकारी विचारायचे, "साहेब, त्याचं वैर कुणाशी होतं?" मी म्हणायचो, तो जीव कुणाला लावतो ते आधी बघा. अण्णांनी पोलिसांना फसवलं, गावाला फसवलं, एका गरिबाच्या पोटावर पाय दिला. पण लंगड्या बैलाला आठवडाभर खुराकाविना ठेवणं काही त्यांना जमलं नाही. तेवढ्या मायेनंच ते सापडले.

राहता राहिलं ते ऑम्लेट. म्हाळुंग्याहून येऊन बघतो तर ताटली धुतलेली, आणि हवालदार मिशा पुसत स्टेशन डायरी लिहीत होते. त्या चोरीचा तपास मी मुद्दामच केला नाही.